वैशाली, चांगली चाललेली गाडी मी उघडली

वैशाली, लोकांचं म्हणणं असं आहे की तुझ्याबरोबर तुझा मुद्दाही गेला.

तोंडावर कुणी म्हणालं नाही. पण पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाली, भंतेजींचं भोजन झालं, मंडळी जेवायला बसली आणि मग जिभा सैल झाल्या. तुझी नागपूरची मावसबहीण शेजारणीला सांगत होती, की दरवर्षी न चुकता सगळ्या तपासण्या करून घ्यायची बिचारी, महिन्यापूर्वीचे रिपोर्टही अगदी चांगले होते, मग काय उपयोग झाला? हातात चहाचा कप असताना डोक्यातली एक नस फुटते आणि माणूस जातो, तर एवढं सगळं करायचं कशाला? माझ्या हातात वरणाची बादली होती. ती खाली ठेवून मी म्हणालो, की वैशाली तपासण्या अमर होण्यासाठी करत नव्हती. मग बादली उचलून मी वरण वाढत पुढे गेलो.

हे तुला सांगायलाच हवं, कारण तुझा विश्वास बसणार नाही. तीस वर्षं या एका गोष्टीवरून तुझ्याशी भांडलेला माणूस मी. आणि तुला जाऊन आठवडा झाला नव्हता तोच तुझी बाजू घेऊन तुझ्याच माहेरच्या माणसांवर उखडलो.

भांडण तसं साधं होतं. तू रेल्वेची इंजिनिअर, लखनौच्या मानक नगरातल्या ऑफिसात बसून डब्यांच्या देखभालीचे नियम लिहिणारी. मी दुसऱ्या एका सरकारी ऑफिसात फायली सरकवणारा. माझ्या नोकरीने मला एकच शहाणपण शिकवलं होतं, जी फाईल आपोआप पुढे सरकते आहे तिला हात लावू नये. तिच्यावर सहज म्हणून एक शेरा मारला, तर तो वाचून वरच्या साहेबाला शंका येते आणि मग ती फाईल दोन महिने दिसत नाही. तुझं शहाणपण बरोबर उलटं. चांगली चालणारी गोष्ट हीच उघडण्यालायक, असं तुझं मत. बिघडलेली गोष्ट दुरुस्त करण्याला तू देखभाल म्हणायलाच तयार नव्हतीस. तिला तू धावपळ म्हणायचीस.

चारबाग स्टेशनवर एकदा नागपूरच्या गाडीची वाट बघत उभे होतो. समोर दुसरीच गाडी लागली होती, तिच्या एका डब्याच्या टोकाला पांढऱ्या रंगात काही तारखा रंगवल्या होत्या. तू मला हाताला धरून तिथे नेलंस, वाकून बोटाने दाखवलंस. हा डबा कारखान्यात कधी जाऊन आला ती ही तारीख, आणि पुन्हा कधी जायचा ती ही. मी म्हणालो, तोवर बिघडला नाही तर? तू माझ्याकडे असं बघितलंस की जणू मी आपल्या निखिलच्या शाळेतला ढ मुलगा आहे. म्हणालीस, "बिघडला नाही तरी जातो जी. बिघडेपर्यंत कोण वाट पाहते? आत माणसं बसून राहिली ना." आजूबाजूचे प्रवासी आमच्याकडे बघत होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तुला लोकांचं काही वाटायचं नाही.

घरात तर विचारू नकोस. कुकरची रिंग चांगली असताना तू बदलायचीस. गॅसची नळी चांगली असताना बदलायचीस. भिंतीवरच्या घड्याळाच्या मागे, इन्व्हर्टरच्या बॅटरीवर, पाण्याच्या फिल्टरवर, सगळीकडे स्केच पेनने पुढची तारीख. मी म्हणायचो, माझ्या पाठीवर पण लिहून टाक. तू म्हणायचीस, तुमचं तर कधीचंच उलटून गेलंय. आपल्या वृंदावन योजनेतल्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला हा विनोद मी ऐकवला आहे, आणि प्रत्येक वेळी तू पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसलीस. त्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत.

आणि मग आपली मोटारसायकल. निखिल पहिलीत होता तेव्हा घेतलेली, दीडशे सीसीची, काळी. सुरुवातीला मीच चालवत होतो. मग आलमबागेत मी आपल्या तिघांना टोमॅटोच्या ठेल्यावर नेऊन घातलं. तू सगळे टोमॅटो वेचून दिलेस, ठेलेवाल्या भैयाची माफी मागितलीस आणि माझ्या हातातून किल्ली घेतलीस. ती पुढची वीस वर्षं तुझ्याचकडे राहिली. लखनौत बाई गाडी चालवतेय आणि टक्कल पडलेला नवरा मागे पिशवी धरून बसलाय, हे दृश्य लोक वळून वळून बघायचे. माझ्या ऑफिसात मला विचारायचे, "आज मैडम छोड़ने नहीं आईं?" मी म्हणायचो, आली होती, तुम्हाला उठायला उशीर झाला. मला लाज कधी वाटली नाही, हे मात्र तुला माहीत असू दे. मागे बसून शहर फार निवांत दिसतं.

दर बुद्ध पौर्णिमेला आपण त्याच गाडीवर श्रावस्तीला जायचो. पहाटे निघायचं, डब्यात पोळ्या, भरल्या वांग्यांची भाजी आणि तिखट ठेचा, तिथे जेतवनात झाडाखाली बसून जेवायचं. ट्रेन होती, बस होती, निखिल मोठा झाल्यावर कार करून देतो म्हणाला. तू ऐकलं नाहीस. गाडी वाटेत कधीही बंद पडली नाही. ही गोष्ट मी माझ्या बाजूचा पुरावा म्हणून सांगायचो आणि तू तुझ्या बाजूचा.

आता त्या पिवळ्या रेघांबद्दल. गाडीचा कुठलाही नट कसला, की त्याच्यावरून खालच्या धातूपर्यंत तू एक बारीक पिवळी रेघ ओढायचीस. रेल्वेत करतात तशी. नट पुढेमागे तसूभर जरी फिरला, तरी रेघ तुटलेली दिसते, स्पॅनर लावून बघावं लागत नाही. त्यासाठी तू पिवळं नेलपॉलिश आणून ठेवलं होतंस. जन्मात नखं न रंगवलेली बाई तू. माझ्या बहिणीला ती बाटली हत्यारांच्या डब्यात सापडली, तेव्हा ती दोन दिवस माझ्याकडे संशयाने बघत होती.

आणि मी काय केलं? एका रविवारी तू नागपूरला गेलेली असताना गाडी धुवायला घेतली. मनात आलं, तू आल्यावर खूश होशील. बघतो तर जागोजाग पिवळे डाग. मी फडकं आणि थिनर घेऊन बसलो आणि दुपारपर्यंत एकेक डाग घासून काढला. गाडी अशी चकाकत होती की शेजारचे पाठक साहेब बघायला आले. तू परत आलीस, बॅग खाली ठेवायच्या आधी गाडीपाशी वाकलीस, आणि तशीच बसून राहिलीस. मग उठून आत गेलीस. दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी सगळे नट पुन्हा कसायला घेतलेस. मला टॉर्च धरायला लावलंस. त्या दिवशी पहिल्यांदा मी मोजले, त्रेचाळीस होते.

ते सगळं ठीक. पण एक गोष्ट राहिली आहे आणि ती बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

दिवाळीनंतर तू एक कागद घेऊन माझ्यासमोर बसलीस. या वेळी मोठं काम होतं. क्लच प्लेटा, पुढच्या शॉकअपची सीलं, चाकांची बेअरिंगं, सगळ्या केबली, पेट्रोलची नळी, आणि मुख्य म्हणजे इंजिन उघडून आतली टायमिंग चेन. ती एकदा तुटली की इंजिन आतल्या आत मार खातं, हे तूच मला समजावलं होतंस. मी नेहमीसारखा सुरू झालो. अगं, एका किकमध्ये सुरू होते. आवाज बघ, शिवणाच्या मशीनसारखा. तेल खात नाही, धूर देत नाही. वीस वर्षांचं इंजिन, एकदा उघडलं की पहिल्यासारखं बसेल याची काय खात्री? या वर्षीची श्रावस्ती होऊ दे, मग बघू.

मी भांडणाच्या तयारीत होतो. चहा पण करून ठेवला होता. आणि तू म्हणालीस, "बरं."

कागदाची घडी घातलीस आणि उठलीस. तीस वर्षांत तू इतक्या सहज मला बरं म्हणाली नव्हतीस. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, जिंकलो. त्या संध्याकाळी मी निखिलला फोन करून सांगितलंसुद्धा, की आज मम्मीने ऐकलं बरं का माझं.

आता मी त्या एका शब्दाशी रोज भांडतो. तू थकली होतीस का? तुला कंटाळा आला होता का माझा? काही दुखत होतं, का नुसताच पोळीचा तवा गॅसवर राहिला होता? मी विचारलं नाही. का विचारणार? तू ऑफिसला जात होतीस, डबा करत होतीस, गाडी चालवत होतीस. चांगली चालली होतीस. आणि चांगल्या चाललेल्या गोष्टीला हात लावायचा नाही, हे माझं आयुष्यभराचं शहाणपण. ते मी फक्त गाडीला लावत नव्हतो, वैशाली. तुलाही लावत होतो. तू कशी आहेस, हे तू आजारी नसताना मी शेवटचं कधी विचारलं, ते मला आठवत नाही. आठवायचा प्रयत्न करतो आणि राग येतो. तुझा नाही. माझा येत नाही, असं मात्र म्हणत नाही मी.

नस फुटणार होती ती फुटली असती. डॉक्टरांनी मला हे तीन वेळा समजावलं आणि मला ते पटलं आहे. पण तो एक संध्याकाळचा चहा आपण भांडत प्यायला हवा होता.

माघात तू गेलीस. गाडी पोर्चमध्ये उभी राहिली. मी तिच्यावर कापड टाकलं नाही. लोकांची तशी फार इच्छा होती. तुझ्या चष्म्याचं काय करायचं, तुझ्या साड्यांचं काय करायचं, तशी गाडीबद्दलही सगळ्यांकडे मतं होती. कुणी म्हणालं विका, बघून त्रास होईल. कुणी म्हणालं जपून ठेवा, हात लावू नका, त्यांची आठवण आहे. निखिलचं मतही हेच होतं. फोनवर म्हणाला, "पापा, उसको वैसे ही रहने दो ना, जैसे मम्मी छोड़ के गईं।" आपला मुलगा मराठी सगळं समजतो आणि उत्तर हिंदीतच देतो, हे भांडण तू माझ्यावर सोडून गेली आहेस, तेही मी चालू ठेवलं आहे.

मी काय केलं, तर किल्ली घेतली. छावणीतले रस्ते रुंद आणि शांत, तिथे तू दर रविवारी कान देऊन गाडीचा आवाज ऐकत चालवायचीस. त्याच रस्त्यांवर मी या वयात पुन्हा शिकलो. एका जवानाने मला थांबवून विचारलं, "अंकल, सीख रहे हैं?" मी म्हणालो, हाँ भाई, बीस साल की छुट्टी थी. तो हसला, त्याने सलाम केला. गाडी काय चालत होती म्हणून सांगू. गुळगुळीत. कुठे खडखड नाही, कुठे थरथर नाही. माझ्या हाताखालीही ती तुझ्या हाताखाली असल्यासारखीच वागत होती. आणि तेव्हाच माझ्या मनाने घेतलं, की या पौर्णिमेला श्रावस्तीला हिच्यावरच जायचं.

मग प्रश्न उभा राहिला. अशीच न्यायची की उघडायची?

तेलीबागच्या इरशादभाईंकडे गेलो. या माणसाने वीस वर्षं आपली गाडी सांभाळली, पण भांडणात तो कायम माझ्या बाजूचा. त्याचा सगळा धंदा कानावर चालतो. इंजिन सुरू करायचं, डोळे मिटायचे, मान हलवायची. तू कागद घेऊन यायचीस तेव्हा तो माझ्याकडे बघून मिशीतल्या मिशीत हसायचा. या वेळी त्याने चहा मागवला, गाडी सुरू केली, डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. मग मला समजावलं, की लांबच्या प्रवासाआधी इंजिन कधी उघडू नये. उघडलेली मशीन बसायला वेळ लागतो. काही झालं तर आल्यावर करू. मी हेच सगळं आयुष्यभर बोलत आलो होतो. माझंच भाषण मला कुणीतरी चांगल्या उर्दूत ऐकवत होतं.

शेवटी तो म्हणाला, "भाईसाहब, मशीन आपसे कुछ कह रही है क्या? नहीं ना। तो आप उसको क्यों छेड़ रहे हैं?"

मी म्हणालो, "कहेगी तब तक बहुत देर हो जाएगी, इरशादभाई. खोलिए."

मग तो खाली बसला, स्पॅनर इंजिनाच्या पहिल्या नटाला लावला आणि थांबला. त्याने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मलाही खाली बसावं लागलं. "भाभी जी के निशान हैं," तो म्हणाला. हळू आवाजात म्हणाला, जसा माणूस दर्ग्यात बोलतो.

मला माहीत होतं गं. गाडीवर तू शेवटची रेघ ओढलीस ती पावसाळ्याआधी. त्यानंतर त्या नटांना कुणाचाही हात लागलेला नव्हता. इंजिनावर, शॉकअपवर, चाकांवर, जिथे जिथे काम होतं तिथे तुझा हात होता, आणि काम म्हणजे तो हात पुसणं. घरात तुझं हस्ताक्षर आहे, पण ते कागदावर आहे, घड्याळाच्या मागे आहे. हे तसं नव्हतं. हा तुझा जोर होता. तू जेवढा जोर लावला होतास, तेवढ्यावर प्रत्येक नट थांबलेला होता. एकदा मी अडाणीपणाने पुसलं होतं, या वेळी जाणूनबुजून पुसायचं होतं.

तिथे, तेलीबागच्या रस्त्यावर, ई-रिक्षांच्या कलकलाटात, मी ठरवत बसलो. मला वाटलं होतं रडू येईल. राग आला. त्या सगळ्यांचा राग आला जे मला सांगत होते की जसं आहे तसं राहू द्या. जसं आहे तसं काही राहत नाही, हे तुझ्याइतकं स्पष्ट मला कुणी सांगितलं नव्हतं. तू तर ते रोज सांगत होतीस, कुकरच्या रिंगेतून. विहारात आपण तेच ऐकतो, मान डोलावतो आणि घरी येऊन चष्मे जपून ठेवतो. रेघा जपल्या असत्या तर रेघा राहिल्या असत्या, आत चेन झिजत राहिली असती, आणि एक दिवस श्रावस्तीच्या वाटेवर, बहराइचपाशी, मी पिवळ्या रेघांचं भंगार घेऊन उभा राहिलो असतो. तू मला तिथे येऊन झापलं असतंस.

"पहला आप खोलिए," इरशादभाई म्हणाला आणि त्याने स्पॅनर माझ्या हातात दिला.

नट सहज सुटला नाही. तुझ्या हाताने कसलेला होता ना. मी दोन्ही हात लावले, एक पाय टेकवला, आणि तो कट असा आवाज करून फिरला. रेघ मधोमध तुटली. मग मी दुसरा सोडवला. तिसऱ्यानंतर इरशादभाईने स्पॅनर काढून घेतला, म्हणाला, बस, अब मेरा काम है. मी बाजूच्या बाकावर बसून चहा प्यायलो. चहा गार झाला होता.

पाच दिवस गाडी तिथे होती. मी रोज जाऊन बसायचो. ऑफिसातून निवृत्त झालेल्या माणसाला दुसरं काम काय? तुझा तो घडी घातलेला कागद मला तुझ्या कपाटात सापडला होता, तो मी इरशादभाईच्या भिंतीवर चिकटवला. तो एकेक काम झालं की त्यावर काळ्या बोटाचा ठसा उमटवायचा. पाचव्या दिवशी इंजिन पुन्हा बसवताना त्याने विचारलं, निशान का क्या करेंगे. तुझी बाटली वाळून गेली होती. मी आशियानाच्या बाजारात गेलो, बायकांच्या सामानाच्या दुकानात उभा राहिलो आणि पिवळं नेलपॉलिश मागितलं. दुकानदारीण म्हणाली, "भाभी जी का सूट किस रंग का है, मैचिंग दिखा दें?" मी सांगितलं, काळा. तिने माझ्यासाठी मन लावून शोधलं. माझ्या रेघा वाकड्या आल्या आहेत, काही ठिकाणी थेंब ओघळलेत. एका नटावर तर रेघ आहे का बोटाचा डाग, हे सांगता येणार नाही. पण आहेत.

आता ऐक. हे तुला आवडणार नाही.

आत काहीच निघालं नाही. इरशादभाईने सगळे जुने भाग वर्तमानपत्रावर ओळीने मांडून ठेवले होते. बेअरिंगं फिरवून दाखवली, गरगर फिरत होती. क्लच प्लेटा अजून जाड होत्या. आणि ती टायमिंग चेन, जिच्यासारख्या गोष्टींवरून आपण निम्मं आयुष्य भांडलो, ती त्याने उजेडात धरली, दोन्ही हातांनी ताणली, सैल सोडली. म्हणाला, "इसमें अभी बहुत जान थी, भाईसाहब. आप सही थे."

कळलं का तुला? मी बरोबर होतो. तीस वर्षांनी, साक्षीदारासमोर, पुराव्यासकट. अजून निदान दोन-तीन श्रावस्त्या त्या चेनने सहज काढल्या असत्या. ज्या माणसाला हे कबूल करायला लावायचं, तेच माणूस आता पुढच्या सीटवरही नाही आणि मागच्याही नाही. मी ती चेन हातात घेतली. तेलकट, जड, चांगली होती. आणि मला आयुष्यात पहिल्यांदा जिंकण्याची किळस आली.

मी इरशादभाईला म्हणालो, नाही, बरोबर मॅडमच होत्या. तो बघतच राहिला. मी म्हणालो, जान असताना बदलली म्हणून तर ही अशी तुमच्या हातात आहे. जान नसती तर तुम्ही चेन दाखवली नसती, फुटलेलं इंजिन दाखवलं असतं. तो हसला, म्हणाला, "आप भी भाभी जी हो गए." हे मी बक्षीस म्हणून घेतलं आहे. तू नाक मुरडलंस तरी परत करणार नाही.

संध्याकाळी गाडी घरी आणली. आवाज बदललाय, आधीपेक्षा बारीक झालाय. मला जुना आवडायचा. होईल सवय.

निखिलला फोन लावला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "कुछ निकला?" मी म्हणालो, काही नाही. "तो फिर खोला क्यों, पापा? मम्मी का सब हटा दिया।" मी रागावलो नाही. मी विचारलं, "निखिल, तू कसा आहेस?"

"ठीक हूँ।"

"कामाचं?"

"सब ठीक चल रहा है। क्यों, क्या हुआ?"

"काही झालं नाही," मी म्हणालो. "सगळं ठीक चाललंय ना, म्हणूनच विचारून राहिलो. नीट सांग."

मला वाटलं लाईन गेली. मग तो बोलायला लागला, वैशाली. मराठीत. मोडकं, अडखळत, मध्ये हिंदी घालत, पण मराठीत. तू गेल्यापासून त्याला झोप लागत नाही. जेवण जात नाही. ऑफिसात मीटिंगमध्ये बसलेला असतो आणि छातीत धडधड सुरू होते, बाहेर जाऊन जिन्यावर बसावं लागतं. दोन महिने तो मला रोज फोन करत होता, रोज ठीक हूँ म्हणत होता, आणि मी रोज अच्छा म्हणून फोन ठेवत होतो. तासभर बोललो आम्ही. तो उद्या डॉक्टरकडे जातोय, परवा इकडे येतोय, पौर्णिमेपर्यंत राहणार आहे. माझ्या मागे बसायला तो घाबरतो, पण येतो म्हणालाय.

तेव्हा लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे. तुझा मुद्दा माझ्याकडे आहे. यापुढे जी जी माणसं ठीक आहेत, त्या सगळ्यांना मी छळणार आहे. इरशादभाईला, माझ्या बहिणीला, पाठक साहेबांना, तुझ्या त्या मावसबहिणीलासुद्धा. ठीक हूँ म्हणाले की खुर्ची ओढून बसणार आहे. ज्याला त्रास होईल त्याने तुझ्याकडे तक्रार करावी. मी तर आता कुणाचं ऐकणार नाही.